गडद रंगांचे गृहशोभन : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील

घराच्या आतील भिंती, जमीन, छत व लाकूडकाम यांना तांबडा, तपकिरी, करडा, काळपट यांसारख्या प्रकाश शोषून घेणाऱ्या छटा देण्याच्या पद्धतीस गडद रंगांचे गृहशोभन म्हणता येईल. आधुनिक नागरी गृहशोभनात अशा छटा प्रामुख्याने अभिरुची म्हणून निवडल्या जातात. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील परंपरागत घरांत मात्र त्या माती, शेण, धूर व लाकूड यांतून आणि स्त्रियांच्या नियमित श्रमातून निर्माण झाल्या. या घरांचा अंधारा अंतर्भाग दारिद्र्याचे किंवा अस्वच्छतेचे लक्षण म्हणून पाहण्याची दृष्टी दीर्घकाळ रूढ होती. ती अपुरी आहे. या अंधारात निवड आणि नाइलाज हे दोन्ही घटक एकत्र आलेले आहेत. मातीचा गडद रंग ही निवड, तर कोंडलेला धूर हा पुष्कळ अंशी नाइलाज होय. हे दोन घटक वेगळे करून पाहिल्याशिवाय या परंपरेचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही.

प्रदेश व लोक : पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. पूर्व विदर्भाच्या या वनाच्छादित पट्ट्यास झाडीपट्टी असे म्हणतात. गडचिरोली जिल्ह्याचा सु. ७० टक्के भाग वनाखाली आहे. गोंड, माडिया गोंड, परधान, कोलाम, हलबा इ. आदिवासी जमाती आणि त्यांच्या शेजारी राहणारे कुणबी, माळी, ढीवर, बुरूड, तेली इ. समाज यांची येथे वस्ती आहे. यांपैकी माडिया गोंड व कोलाम यांची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. माडियांची वस्ती मुख्यतः भामरागड, एटापल्ली व अहेरी या भागांत, तर कोलामांची राजुरा व जिवती या भागांत आढळते.

या प्रदेशातील उन्हाळा अत्यंत तीव्र असतो. चंद्रपूर येथे एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५° से. च्या वर जाणे नेहमीचे आहे. पावसाळ्यात दीर्घकाळ पडणारा पाऊस आणि हिवाळ्यातील रात्रींची थंडी यांचाही घराच्या रचनेवर परिणाम झालेला आहे. उन्हात पांढऱ्या पडलेल्या अंगणातून घरात शिरणाऱ्यास प्रथम काहीच दिसत नाही. काही वेळाने डोळे सरावतात आणि मग मडकी, शिंके, कणगी, चूल अशा वस्तू एकेक करून उमटू लागतात. भिंतीच्या आतील बाजूचा गडद रंग खोलीचे तापमान फारसे कमी करीत नाही. ते काम मातीचा थर, गवताचे वा कवेलूंचे छप्पर आणि खाली उतरलेली वळचण यांचे असते. गडद रंगामुळे डोळ्यांवर येणारी तिरीप मात्र नाहीशी होते. ताजी चुन्याची सफेदी सु. ८० टक्के प्रकाश परावर्तित करते, तर काजळी धरलेल्या भिंतीवरून १० टक्क्यांहूनही कमी प्रकाश परत येतो.

घराची रचना : गोंडीत घरास ‘रोन’ व माडिया बोलीत ‘लोन’ असे म्हणतात. परंपरागत घराचा सांगाडा लाकडी खांबांचा असून भिंती कुडाच्या असतात. बांबूच्या कामट्या किंवा काटक्या उभ्या-आडव्या विणून कूड तयार करतात आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिखलाचा गिलावा देतात. अधिक सुस्थितीतील घरांच्या भिंती जाड मातीच्या असतात. छप्पर गवताचे किंवा भाजलेल्या कवेलूंचे असते. खिडक्या बहुधा नसतात. असल्या, तरी त्या लहान झरोक्यांसारख्या असतात. दार बुटके असल्यामुळे वाकून आत जावे लागते. प्रकाशाचा प्रवेश दार, वळचणीखालील फट व कवेलूंमधील सांदी एवढ्यापुरताच असतो.

घराची ओसरी, तिच्यामागील मुख्य खोली आणि सर्वांत आत स्वयंपाकाची व धान्यसाठ्याची जागा हा क्रम सामान्यतः आढळतो. बाहेरून आत जाताना प्रकाश क्रमाने कमी होत जातो. पाहुण्याचे स्वागत, गप्पा, दोर वळणे, टोपल्या विणणे ही कामे ओसरीवर व अंगणात चालतात. दिवसाचा बराच वेळ घराबाहेर जात असल्याने आतील जागा मुख्यतः चूल, धान्य, झोप आणि पूर्वज यांच्यासाठी राखलेली असते. ‘घरात अंधार आहे’ असे म्हणताना हा विभाग लक्षात घ्यावयास हवा. कारण ज्या कामांना प्रकाश लागतो, ती कामे या घरात होतच नाहीत.

रंगद्रव्ये : या घरांतील रंग परिसरातूनच मिळतात. पूर्व विदर्भात लोहखनिजाचे मोठे साठे असून गडचिरोलीतील सुरजागड व चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, पिंपळगाव ही ठिकाणे त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. लोहाची ऑक्साइडे मातीत मिसळल्याने तांबड्या व पिवळ्या माती तयार होतात. गेरूचा तांबडा रंग हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडामुळे येतो. पिवडीत जलसंयुक्त ऑक्साइड असते. पिवडी भाजली असता तिच्यातील पाणी निघून जाऊन ती तांबडी होते. त्यामुळे पिवळ्यापासून काळसर तांबड्यापर्यंतच्या अनेक छटा एकाच प्रकारच्या मातीतून मिळविता येतात. हे रंग उन्हाने विटत नाहीत आणि त्यांना किंमत पडत नाही.

काळा रंग कार्बनाचा असतो. मध्य भारतातील खेड्यांत लाकडी कोळशाची पूड किंवा जाळलेल्या तणसाची राख चिखलात व शेणात कालवून काळसर लेप तयार करण्याची पद्धत आहे. शेणातील तंतूंमुळे मातीला तडे कमी जातात व चिकट द्रव्यांमुळे लेप धरून राहतो. सारवलेली जमीन वाळल्यावर हिरवट तपकिरी दिसते व वापराने ती अधिक काळसर होत जाते. पांढरी माती हाही या रंगसंगतीचा भाग आहे. तिचा उपयोग बहुधा कडा, दाराची चौकट, भिंतीचा वरचा भाग किंवा सणाच्या दिवशी काढावयाच्या आकृत्या यांपुरता होतो. गडद पृष्ठावर उमटलेली पांढरी रेघ थोड्या प्रकाशातही दिसते, हे या मर्यादित वापरामागील व्यावहारिक कारण होय.

धूर : घरातील सर्वांत गडद थर कोणी हाताने दिलेला नसतो. चुलीच्या धुरातील काजळी व डांबरी द्रव्ये वर्षानुवर्षे छपराच्या आतील बाजूस, वाशांवर आणि खांबांवर साचत जातात. त्यांतून चकचकीत काळा थर तयार होतो. या थराचा प्रत्यक्ष उपयोग आहे. बांबूतील पिष्टमय द्रव्यावर जगणारे घुण धुराळलेल्या बांबूस सहसा लागत नाहीत. गवताच्या छपरातील ओल व कीड धुरामुळे कमी होते. मक्याची कणसे, बियाणे, सुकविलेले मांस व मासे चुलीवरील माळ्यावर किंवा दोरीला टांगून ठेवतात. तेथे ती धुराने टिकतात. बांबू व गवत यांचे घर सतत चूल पेटलेली असेपर्यंतच दीर्घायुषी ठरते. ओस पडलेल्या घराचे छप्पर थोड्याच पावसाळ्यांत कुजते. रात्रीच्या उजेडासाठी रॉकेल येण्यापूर्वी मोहाच्या वा करंजाच्या बियांचे तेल वापरीत. त्या दिव्यांच्या काजळीचीही यात भर पडे.

लाकूड : सागवान, ऐन, बिजा (बिबळा), मोह, तिवस इ. वृक्षांचे लाकूड या प्रदेशात विपुल होते. साग व बिजा यांच्या गाभ्याचे लाकूड वाळवीस दाद देत नाही. ते काळाबरोबर गडद होत जाते. बिब्याच्या टरफलातील काळा, दाहक रस कापडावर खुणा करण्यासाठी आणि लाकडास वाळवी लागू नये म्हणून वापरण्याची पद्धत जुनी आहे. आलापल्लीचे सागवान दर्जासाठी विशेष प्रसिद्ध असून ते बल्लारपूर (बल्लारशा) येथील आगारातून देशभर जाते. अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठीचे सागवान २०२३ मध्ये याच प्रदेशातून पाठविण्यात आले. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माजघरांना जो गंभीर, काळसर उठाव येत असे, तोही तेलपाणी केलेल्या व धुराळलेल्या सागवानी खांब-तुळयांचाच होता. पुण्याचा विश्रामबागवाडा हे पेशवाईच्या अखेरच्या काळातील अशा लाकूडकामाचे सुपरिचित उदाहरण आहे. वाडा आणि वनातील झोपडी यांत संपत्तीचे अंतर मोठे असले, तरी अंतर्भागाच्या रंगाचे मूळ दोहोंत एकच आहे.

सारवण व स्त्रियांचे कर्तृत्व : कूड विणणे व छप्पर घालणे ही कामे बहुधा पुरुष करतात. माती आणणे, चाळणे, कालवणे, लिंपणे व सारवणे हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे आहे. पावसाळा संपल्यावर भिंतींची डागडुजी होते. पोळा, दिवाळी, लग्नकार्य आणि माडियांचे पंडुम (सण) यांच्या आधी घर पुन्हा लिंपले जाते. हाताच्या पंज्याने वा चिंधीच्या बोळ्याने अर्धवर्तुळाकार फटकारे मारल्याने भिंतीवर लाटांसारखी पोत उठते. दारातून येणारा तिरपा प्रकाश तिच्यावर पडला, म्हणजे एकाच रंगाच्या भिंतीत छायाप्रकाशाचे भेद दिसू लागतात. भिंतीचा पायथा वेगळ्या, अधिक गडद पट्ट्याने रंगविण्याची चाल आहे. पावसाचे शिंतोडे, पायांची धूळ व गुरांचे अंग यांनी भिंत याच भागात मळते. तेथील लेप स्वतंत्रपणे बदलता येतो. अशा रीतीने शोभा व निगा ही दोन कामे एकाच कृतीत होतात. ही कला पुसून पुन्हा केली जाणारी असल्याने तिचे जुने नमुने शिल्लक राहत नाहीत व तिच्या कर्त्या स्त्रियांची नावेही नोंदली गेलेली नाहीत.

धार्मिक अर्थ : घराच्या सर्वांत आतील, अंधाऱ्या जागेस गोंड समूहांत पावित्र्याचा अर्थ आहे. बस्तरमधील मुरिया गोंडांच्या घरांत मृत पूर्वजांचे अधिष्ठान मानलेले मडके आतील खोलीत ठेवतात, अशी नोंद व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांनी केली आहे. इंद्रावतीच्या पलीकडील बस्तर आणि अलीकडील भामरागड हा सांस्कृतिक दृष्ट्या सलग प्रदेश असून माडियांमध्येही पूर्वज व घराचा आतील भाग यांचे नाते जवळचे मानले जाते. वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील देवालयांत तेजस्वी शिल्पांनी भरलेल्या बाह्यांगातून अंधाऱ्या गर्भगृहाकडे जावे लागते. त्या वास्तूची परंपरा निराळी आहे. परंतु सर्वांत मोलाची गोष्ट सर्वांत कमी प्रकाशात ठेवावी ही कल्पना मंदिरास व घरास समान आहे.

इतर परंपरांशी तुलना : ‘गोंड चित्रकला’ या नावाने आज ओळखली जाणारी शैली मुख्यतः मध्य प्रदेशातील परधान गोंडांची असून जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून ती कागदावर व कापडावर आली. चंद्रपूर-गडचिरोलीतील भिंतींच्या परंपरेस तिच्याशी एकरूप मानणे योग्य नाही. येथे चित्रापेक्षा पृष्ठभागास, म्हणजे लेप, पट्टा व पोत यांस महत्त्व आहे. ठाणे व पालघर भागांतील वारली चित्रांत गेरूने वा शेणाने सारवलेल्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटन करतात. चित्रे कागदावर आल्यानंतर त्या मूळ अंधाऱ्या खोलीचे भान लोपले. झारखंडमधील हजारीबाग भागात विवाहाच्या खोलीसाठी काढल्या जाणाऱ्या खोवर चित्रांत काळ्या मातीच्या थरावर पांढऱ्या मातीचा थर देऊन तो फणीने खरवडतात व खालचा काळा रंग उघडा करतात. सोहराई-खोवर चित्रांना २०२० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

धूर व गडद रंग यांचे नाते इतर संस्कृतींतही ओळखले गेले होते. रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने हिवाळी भोजनगृहात नाजूक चित्रे काढू नयेत, कारण विस्तवाचा धूर व दिव्यांची काजळी यांनी ती खराब होतात, असे सांगून तेथे काळ्या रंगाचे घोटलेले फलक योजावेत असा सल्ला दिला. पाँपेई येथील उत्खननात २०२४ मध्ये काळ्या भिंतींचे भव्य भोजनगृह उजेडात आले. दिव्यांची काजळी दिसू नये, हे त्या रंगाचे एक कारण पुरातत्त्वज्ञांनी दिले आहे. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी (१८८६–१९६५) यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या निबंधात विजेच्या झगझगाटामुळे लाखकाम, कागदी पडदे व अंधारे कोपरे यांचे सौंदर्य नष्ट होत असल्याची खंत मांडली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांविषयी असे लेखन स्थानिकांकडून झाले नाही. त्यांच्याविषयी लिहिले ते बाहेरून आलेल्यांनी.

बाहेरच्यांची दृष्टी व सफेदीचा प्रसार : नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्या टिपणांपासून (प्रकाशन १८६६) रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथापर्यंत (१९१६) आणि डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांच्या बस्तरमधील माडियांवरील अभ्यासापर्यंत (१९३८) गोंडांविषयी बरेच साहित्य निर्माण झाले. क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) यांनी राजुऱ्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला (१९४८). या लेखनात कुलव्यवस्था, देवदेवता व विवाह यांना मध्यवर्ती स्थान असून भिंतीच्या लेपासारख्या रोजच्या स्त्रीकर्माकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. एल्विन यांचा मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथ (१९५१) या दृष्टीने महत्त्वाचा होय. त्यात भिंतींची सजावट, कोरीव खांब व दारे यांचा कला म्हणून विचार झाला.

दरम्यान सार्वजनिक आरोग्याच्या कल्पनांबरोबर पांढऱ्या भिंतीस नवी प्रतिष्ठा मिळाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर घरे रिकामी करून धुणे, छपरे उघडून प्रकाश आत घेणे व भिंतींना चुना लावणे हे सरकारी उपाय होते. अंधार म्हणजे रोग व सफेदी म्हणजे आरोग्य हे समीकरण तेथून शाळा, दवाखाना, चावडी, वनखात्याचे विश्रामगृह अशा इमारतींद्वारे दूरच्या खेड्यांतही पोहोचले. वनातील गावात पहिली पांढरी भिंत बहुधा सरकारी इमारतीचीच होती. चुनखडी भाजून चुना करणे खर्चाचे असल्याने सफेदी हे सुस्थितीचेही चिन्ह बनले. आदिवासी घराच्या तांबड्या-काळ्या भिंतीस ‘मागासलेली’ हे विशेषण या तुलनेतून चिकटले.

वनहक्क व घर : गडद घराचे अस्तित्व बांबू, गवत, लाकूड व माती मुक्तपणे मिळण्यावर अवलंबून होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा भाग इंग्रजी अमलाखाली आला. पुढे १८६५, १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी वनावरील सरकारी नियंत्रण वाढत गेले. घरबांधणीसाठी लाकूडफाटा नेण्याच्या रूढ हक्कास निस्तार म्हणत. तो आता परवानगीचा विषय झाला. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतील वनेही १९५१ मधील जमीनदारी निर्मूलनानंतर शासनाकडे आली. बल्लारपूर येथे १९४५ मध्ये कागद गिरणीची स्थापना झाल्यावर बांबू हा मोठ्या उद्योगाचा कच्चा माल बनला. ज्या बांबूने कूड विणावयाचा, तोच गावकऱ्यास तोडण्यास बंदी आणि उद्योगास मात्र करारावर उपलब्ध, ही विसंगती या भागातील असंतोषाचे एक कारण ठरली.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेच्या बळावर या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावास सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. मात्र घरासाठी बांबूचा हक्क परत मिळेपर्यंत अनेक गावांत कुडाची जागा विटांनी घेतलेली होती.

धुराची किंमत : परंपरेचे गुण सांगताना तिची हानी झाकता येत नाही. लाकूडफाट्याच्या धुरामुळे फुप्फुसांचे दीर्घकालीन रोग, लहान मुलांमधील न्यूमोनिया व डोळ्यांचे विकार यांचा धोका वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. याचा भार चुलीजवळ सर्वाधिक वेळ घालविणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरील मुले यांच्यावर पडतो. म्हणजे ज्या स्त्रियांनी हा अंतर्भाग घडविला, त्यांनीच त्याची किंमतही दिली. गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवरील उपचारांचा प्रयोग केला व त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग धुराविषयी नव्हता. परंतु या प्रदेशात श्वसनरोगांचे संकट किती मोठे होते, हे त्यावरून कळते. धूर बाहेर नेणाऱ्या सुधारित चुलींचा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्याही मिळाल्या. तथापि सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च आणि फुकट मिळणारे सरपण यांमुळे चूल अनेक घरांत टिकून आहे.

हिवताप हा दुसरा प्रश्न होय. गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा राहिला आहे. रक्त शोषल्यानंतर हिवतापाचे डास घरातील व गोठ्यातील अंधाऱ्या, ओलसर भिंतींवर विसावतात. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात (१९५३ पासून) घरांच्या आतील भिंतींवर डीडीटी व नंतर इतर कीटकनाशके फवारण्यात आली. या फवाऱ्याचे पांढरट डाग भिंतीवर राहतात व औषधाचा गुण भिंतीच्या पृष्ठभागावरच टिकून असतो. सणापूर्वी भिंत लिंपली, की औषध मातीखाली गाडले जाते. पांढरट डाग पडलेली भिंत सणासाठी अशोभन वाटणे स्वाभाविक असले, तरी तिच्या सारवणाने संरक्षण नाहीसे होते. फवारणीनंतर काही आठवडे भिंती सारवू नयेत, अशी सूचना आरोग्य कर्मचाऱ्यांना म्हणूनच करावी लागते. फवारणीचे वेळापत्रक सणांशी जुळवून घेतल्यास भिंत लिंपणाऱ्या स्त्रीला शोभा व आरोग्य यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ येत नाही.

सद्यःस्थिती : इंदिरा आवास योजना (१९८५) व तिच्या जागी आलेली प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) यांतून या जिल्ह्यांत विटा-सिमेंटची घरकुले मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकघरासह २५ चौ. मी. ठरविलेले आहे. पावसात न गळणारे व न कुजणारे घर ही लाभार्थ्यांच्या दृष्टीने मोठी प्राप्ती आहे. मात्र सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर मातीचा लेप नीट धरत नाही. पत्र्याचे वा सिमेंटचे छप्पर उन्हाळ्यात तापते. बाजारातील रंगाचा डबा विकत आणावा लागतो आणि भिंतीची दरवर्षीची निगा स्त्रियांच्या हातून सुटते. पुष्कळ कुटुंबे घरकुलाच्या मागे किंवा शेजारी कुडाची जुनी खोली स्वयंपाकासाठी राखतात. पुढे उजळ रंगाची नवी खोली आणि मागे धुराळलेली जुनी, अशी ही जोडरचना आढळते.

चंद्रपूर परिसरात भिंती काळवंडण्याचे आणखी एक कारण आहे. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे उत्खनन वरोरा येथे १८७१ मध्ये सुरू झाले आणि पुढे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या भागांत खाणी, औष्णिक वीजकेंद्र व इतर कारखाने वाढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील पाहणीत चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. खिडकीच्या चौकटीवर व भिंतीवर बसणारी येथील काळी धूळ चुलीच्या काजळीप्रमाणे कोणतेही लाकूड टिकवीत नाही वा बियाणे राखीत नाही. ती केवळ पुसावी लागते.

याच काळात नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांतील गृहशोभनात कोळशासारखा करडा, गर्द हिरवा, गडद निळा व मातकट तांबडा या छटांना मागणी आली आहे. शहरी खोलीत मोठ्या खिडक्या, विजेचे नियंत्रित दिवे व धूरविरहित स्वयंपाक असल्याने गडद भिंत ही हवी तेव्हा बदलता येणारी आवड ठरते. वनातील स्त्रीस हे स्वातंत्र्य नव्हते. तिची गडद भिंत कौशल्याने घडविलेली होती. परंतु त्या भिंतीशी जखडलेला धूर तिने निवडलेला नव्हता. धुरास बाहेर जाण्याची वाट, भिंतीस माती धरणारा गिलावा आणि रंग निवडण्याचा अधिकार या तीन गोष्टी घरकुलाच्या आराखड्यात आल्या, तर या परंपरेतील आरोग्यास घातक असा भाग जाऊन तिचे ज्ञान टिकू शकेल. तसे न झाल्यास ओल्या मातीचा रंग वाळल्यावर कोणता होईल हे हाताने ओळखणारी पिढी जुन्या भिंतींबरोबरच नाहीशी होईल.